खळग्यात राहिलेली हळद

मित्रांनो, नीट बसा, आणि मी बोलत असताना मध्ये बोलू नका. आमच्याकडे आधी घराणे सांगण्याची रीत आहे. माझी पणजी सराफ बाजारातील काळी कसोटी. तिच्यासमोर खोट्या सोन्याची मान खाली जाई. माझी आजी वैद्यांची सहाण. तिच्यावर उगाळल्यावाचून औषध रोग्याच्या जिभेवर जात नसे. माझी आई नाशिकच्या एका कॉलेजातील काचेची परीक्षानळी. आणि मी त्याच कुळातील एक जुनी, तळहाताएवढी, चिनी मातीची पांढरी ताटली आहे. माझ्या अंगावर लहान लहान खळगे आहेत. खळग्यात चिमूटभर पदार्थ ठेवावा, त्यावर रसायनाचा थेंब सोडावा आणि कोणता रंग उमलतो ते पाहावे, हे माझे काम.

प्रयोगशाळेतील माझे दिवस एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखे होते. खिडकीतून ऊन येई, खळग्यांत निळी तळी भरत, हिरवे ढग उतरत, आणि मुली श्वास रोखून माझ्यावर वाकत. पुढे प्लास्टिकच्या ताटल्या आल्या. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तेवढ्यावरून मला फुटक्या बाटल्यांसोबत गोणीत टाकण्यात आले.

ती गोणी नाशिकच्याच भद्रकाली भागातील गोटीराम भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली. गाडी त्याचा मुलगा नवनाथ ढकलत होता. वाटेत सरिताने त्यांना थांबवले. नशेच्या आहारी गेलेल्यांसाठी चालणाऱ्या केंद्रात ती काम करते, आणि माझ्यासारख्या ताटलीचाच शोध घेत होती. गोटीरामाने मला उपसून काढले, स्वतःच्या उपरण्याने पुसले.

"किती द्यायचे, काका?"

"चिनी मातीला भंगारात भाव नाय, पोरी. घेऊन जा. फेकली असती तर लय जीवावर आलं असतं."

त्या उपरण्याचा स्पर्श मी विसरले नाही. कुळातील बायका ऋण विसरत नाहीत.

केंद्रात माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. नशा करणारे आपली पुडी घेऊन येत, आणि सरिता त्यातील चिमूट माझ्या खळग्यात तपासून देई. पुडीत विकणारा काय मिसळेल याचा नेम नसतो. नेहमीची समजून घेतलेली चिमूट प्राण घेऊ शकते. ज्याची नशा अजून सुटलेली नाही, तो सुटेपर्यंत जिवंत तर राहिला पाहिजे, असे सरिता म्हणे. म्हणून ती कोणाला नाव विचारत नसे, रागे भरत नसे. "रंग जुळला म्हणजे धोका टळला असं समजू नका," एवढे मात्र प्रत्येकाला बजावून सांगे. तिचा आणखी एक नेम होता. एका रिकाम्या खळग्यात ती नुसता थेंब सोडी. तो कोरा राहिला, तरच बाकीच्या रंगांवर विश्वास.

एका वर्षी खंडेनवमी आली. केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या पुतळाबाईंनी सुरी, कात्री, गॅसची शेगडी, सगळ्यांची पूजा मांडली.

"आन् हिची राहिली व्हय? सगळ्यांत जास्त राबती ती!" असे म्हणत त्यांनी माझ्या खळग्याखळग्यांत हळद-कुंकू वाहिले, वर झेंडू ठेवला. मी धन्य झाले. सायंकाळी त्यांनी मला कोरड्या फडक्याने पुसून जागेवर ठेवले. पांढऱ्या अंगावर डाग दिसेना, पण खळग्यांच्या तळाशी नजरेस न येण्याइतकी हळद राहिली होती.

दसऱ्याच्या दुपारी एक तरुण आला. गाल आत गेलेले, हातात आपट्याचे पान. तो नवनाथ होता, गोटीरामाचा मुलगा. हल्ली तो पुडी तपासून घ्यायला वरचेवर येई.

"सोनं घ्या, ताई!"

"सोनं ठेव तिथे. आधी पुडी."

"आज सणाची आहे. दोन मित्र ह्यातलीच घेऊन थांबलेत माझ्यासाठी. लवकर करा."

सरिताने हातमोजे चढवले, चिमूट ठेवली, थेंब सोडला. त्याच्या नेहमीच्या पुडीचा रंग जांभळा येई. माझ्या खळग्यात लालसर जांभळट छटा फिरू लागली, संध्याकाळी गोदावरीवर उतरते तशी.

"झालं ना? नेहमीचंच," नवनाथ उठलाच.

"बस खाली. कोरा थेंब राहिलाय."

रिकाम्या खळग्यात थेंब पडला, आणि तो लाल झाला.

सरिताचा हात थांबला. तिने मला उजेडात धरले. टवक्याच्या कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी अडकलेली दिसली.

"पुतळाबाई! हिची पूजा केली होती का?"

"मग? सणाला उपाशी ठेवायची का तिला?"

रसायन लागले की हळद लाल होते; मघाची जांभळट छटाही तिचीच होती. साबणाने, मग स्वच्छ पाण्याने मला पुन्हा पुन्हा धुण्यात आले. कोरा थेंब या वेळी कोराच राहिला. शेजारी नवनाथची चिमूट ठेवली. मळकट नारिंगी रंग आला. जांभळ्याचा मागमूस नाही.

"ही तुझी पुडी नाही रे," सरिता हळू म्हणाली. "काय आहे ते मलाही ठाऊक नाही."

 नवनाथने मित्रांना फोन लावला. "हात लावू नका. आपली नाय ती. इकडं या." आणि सरिताला म्हणाला, "ताई, बापाला बोलावता का? मला सोडायचंय हे."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. साधनाचा मान करायचा असेल तर ते स्वच्छ ठेवा. माझ्यावर फूल वाहिले नाही तरी चालेल. मला धुतल्यावाचून ठेवू नका.

उन्हे कलताना गोटीराम हातगाडी घेऊन दारात आला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. नशेविना थरथरणाऱ्या मुलाला उपरण्यात गुंडाळून त्याने गाडीवर बसवले. या खेपेला गाडी बाप ढकलत होता. झेंडूच्या तोरणांखालून ती दवाखान्याच्या दिशेने हळूहळू दिसेनाशी झाली, आणि माझे ऋण पुरते फिटले.