आईंची मुंबई

“ह्या गावात धड कोथिंबीर मिळेल तर शपथ,” सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही बोरिवलीच्या मंडईत उभ्या होतो आणि समोर कोथिंबिरीचा ढीग होता.

गाव म्हणजे बोरिवली. आई मूळच्या गिरगावच्या. संसार घेऊन इथे आल्या तेव्हा स्टेशनपासून घरापर्यंत भातशेती आणि चिखल. तेव्हापासून गिरगावला निघताना त्या ‘मुंबईला जाऊन येते’ म्हणतात, आणि चिडल्या की ‘मी आपली मुंबईला परत जाणार’.

यंदा आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. टॉवर उभा राहीपर्यंत कुठेतरी भाड्याने राहायचं. माझा नवरा नंदू, आईंचा एकुलता एक. त्याने ठरवलं, आता तरी आईची इच्छा पुरी करायची, आणि गिरगावात दोन खोल्या शोधून काढल्या. त्याचं ऑफिस अंधेरीला. लेकीचं, ऋताचं, कॉलेज कांदिवलीला. माझं शिलाई मशीन काय, कुठेही चाललं असतं. पण गिऱ्हाइकं सगळी आमच्या गल्लीतली. ती सोडली की माझं काम संपलंच.

पण ती गिऱ्हाइकं मला मिळवून दिली कोणी? ऋता तान्ही होती, मी पुस्तकात बघून ब्लाउज शिवायला शिकत होते. आई नातीला मांडीवर घेऊन दारात बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सुनेच्या हाताचं फिटिंग सांगायच्या. एकदा मी बाही उलटी जोडली, तर नवीन फॅशन आहे म्हणून खपवली. अशा बाईच्या इच्छेला मी कशी आडवी येणार? मी म्हटलं, छान होईल. ऋता म्हणाली, चालेल. नंदू म्हणाला, प्रवासात माझी झोप होईल.

आई काहीच बोलल्या नाहीत. आनंदाने बोलती बंद झाली, असं आम्ही धरून चाललो.

रविवारी टॅक्सी करून खोल्या बघायला गेलो. मालकीणबाई, दर्शनाताई, फार अगत्याच्या. त्यांनी कोकम सरबत दिलं आणि बोरिवलीचं नाव ऐकून म्हणाल्या, “बाई गं, तिकडे जंगलच ना? बिबटे येतात म्हणे.”

आईंनी पेला खाली ठेवला. आणि मग जी गाडी सुटली! मेट्रो दाराशी आलीय. हृदयाचा, दातांचा, गुडघ्याचा डॉक्टर एकाच रस्त्यावर. फ्लायओव्हर इतके झालेत, की रिक्षावालाच विचारतो, वरून घेऊ की खालून. शेतं होती तिथे टॉवर उभे राहिले आणि त्यांत माणसंही आली. गुजराती शेजारीण आमच्याकडे घावन शिकली, आम्ही तिच्याकडे हांडवो. नंदूच्या बाबांच्या आजारपणात रात्री-बेरात्री तीच धावली. आणि बिबट्याचं म्हणाल, तर तो त्याच्या स्वतःच्या जागेत राहतो, भाड्याने नाही.

ऋता हसू दाबत खिडकीकडे वळली. नंदूने हळूच विचारलं, “आई, पण तुला मुंबईला यायचं होतं ना?”

“अरे, सासरी रुसलेली बाई माहेरी जाते म्हणते. म्हणून काय बिऱ्हाड घेऊन निघते?”

मग त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. दर्शनाताई समोर होत्या, तरी थांबल्या नाहीत.

“नंदू, आपल्यापैकी कोणालाच इथे यायचं नाहीये.”