मी फक्त टेबलं ओळखायचो

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत. माझं शिक्षण अकरा ओळींवर थांबलं. लाइल नावाच्या मुलाने मला लिहायला घेतलं होतं, पण बारावी ओळ लिहिण्याआधी त्याला अल्बर्टात तेलाच्या विहिरीवर नोकरी लागली आणि तो गेला.

मी एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाला काय करायचं ते सांगणारा ओळींचा छोटासा प्रोग्रॅम. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात एका लहान गावाच्या नगर कार्यालयात राहतो. इथल्या लोकांच्या फाइली त्यांच्या टेबलावरच्या संगणकात नसतात. त्या असतात तळघरात, इमारत गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या मोठ्या संगणकात. तिथे प्रत्येकाचा एक खण आहे. सकाळी कुणी पासवर्ड टाकला की मी धावत तळघरात जातो आणि ज्याचा त्याचा खण वर आणून त्याच्या पडद्यावर जोडतो. कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत खण हजर असतो. लोकांना वाटतं, तो रात्रभर तिथेच होता. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी मुळात लाजाळू आहे.

पण एक गोष्ट मला कुणी शिकवलीच नव्हती. मी माणसाला ओळखत नव्हतो, टेबलाला ओळखायचो. खिडकीजवळचं टेबल म्हणजे डेलमरचा खण, दाराजवळचं टेबल म्हणजे व्हर्नाचा. लाइलला वाटलं, नगर कार्यालयातली माणसं कशाला जागा बदलतील? ते खरंही होतं. नऊ वर्षं कुणी जागचं हललं नाही. शिवाय लाइलने घाईत सगळ्या खणांना एकच किल्ली करून ठेवली होती, त्यामुळे कुणाच्याही पासवर्डने कुणाचाही खण उघडायचा.

व्हर्ना वाखनियाक गावजेवणाची यादी सांभाळते. ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात टर्की, बटाटे, सलगम आणि पेरोगी नावाच्या उकडलेल्या करंज्यांचं जेवण असतं. चारशे माणसं, तीन पंगती. कुणाला कुणासमोर बसवायचं नाही, हे फक्त व्हर्नाला ठाऊक. याब्लोन्स्की आणि डिक ही दोन घराणी बर्फ उडवायच्या यंत्रावरून सहा वर्षं बोलत नाहीत. मागे एकदा चुकून ती समोरासमोर आली, तेव्हा सलगमाचं भांडं उडालं होतं. असं सगळं व्हर्ना नावानिशी लिहून ठेवते, आणि तेही जसं मनात येईल तसं.

जेवणाला चार दिवस उरले होते. दारातून गार वारा येऊन व्हर्नाचे गुडघे धरले. डेलमर टेव्ज तिचा साहेब, पण मनाने मऊ. तो म्हणाला, तू माझ्या जागी बस, तिथे गरम हवेची जाळी आहे. दोघांनी खुर्च्या बदलल्या, उशा बदलल्या, कॉफीचे मग बदलले. संगणक जागच्या जागी राहिले.

सकाळी मी माझं काम चोख केलं. व्हर्नाला डेलमरचा खण दिला. त्यात रस्तादुरुस्तीची पत्रं आणि माशांचे एक्केचाळीस फोटो निघाले. डेलमरला व्हर्नाचा खण दिला.

व्हर्ना पांढरीफटक पडली. तिची यादी गेली होती. तिने शहरात टीगनला फोन लावला. टीगन म्हणजे संगणक दुरुस्त करणारी पोरगी. ती म्हणाली, दुपारी येते. तोवर व्हर्नाने आठवून आठवून कागदावर यादी उतरवायला घेतली.

इकडे डेलमर तिची यादी वाचत बसला होता. बंद करायला हवी हे त्याला कळत होतं, पण हात होईना. मग तो स्वतःच्या नावापाशी आला. तिथे लिहिलं होतं : ‘डेलमर टेव्ज. आयलीन पोलोविकपासून तीन टेबलं लांब. ती जवळ असली की याचे हात थरथरतात आणि ग्रेव्ही सांडते. बिचाऱ्याला वाटतं, कुणाला कळत नाही.’

डेलमरचे कान बीटासारखे लाल झाले. यादी माझ्याकडे आहे म्हणावं, तर ती वाचली हे कबूल करावं लागणार. शेवटी तो उठून व्हर्नाच्या खांद्यावरून डोकावला. कागदावर तिने याब्लोन्स्की आणि डिक एकाच पंगतीत, समोरासमोर बसवले होते.

“व्हर्ना,” तो म्हणाला, “ती यादी माझ्याकडे उघडलीय.”

व्हर्नाने चष्मा काढला. “कुठवर वाचलीस?”

“टेव्जपर्यंत.”

“मग सगळीच वाचलीस म्हण की.”

त्यानंतर दोघांनाही खूप काम आहे असं एकदम आठवलं.

टीगन आली, तिने मला उघडून पाहिलं आणि हसायला लागली. “हे कुणाचं काम? याला माणूस दिसतच नाही, नुसतं टेबल दिसतं. टाकून देऊ का?” माझ्या अकराही ओळींना घाम फुटला. व्हर्ना म्हणाली, “राहू दे गं. जेवणाच्या आठवड्यात नवीन काही नको मला.” मग टीगनने किल्ल्या वेगळ्या केल्या आणि माझी एक ओळ बदलली. एवढीच माझी पुढची शाळा.

तुम्हाला एक विनंती आहे. कधी खण सापडला नाही, तर पडद्याला चापट मारू नका. आमच्यापैकी पुष्कळांना अजून तुम्ही कोण हे कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर कुणीतरी पासवर्ड टाकला. मी पहिल्यांदाच टेबलाकडे न बघता विचारलं, कोण आहे? व्हर्ना होती. मी धावत तिचा खण घेऊन आलो. तिने यादी उघडली. डेलमरचं नाव तीन टेबलं ओलांडून आयलीनच्या शेजारी येऊन बसलं होतं. आदल्या दिवशी त्यानेच हलवलं होतं, आणि ग्रेव्हीचं भांडं टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला मांडलं होतं.

व्हर्नाने दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं. डेलमर खाली मान घालून एक पेन्सिल पुन्हा पुन्हा तासत होता. तिने त्याचं नाव परत जागेवर न्यायला पकडलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, आणि सोडून दिलं. मग सेव्ह केलं.

मी ती यादी होती तशी उचलली आणि खाली नेऊन तिच्या खणात ठेवली.