जेवल्याचा फोटो

आमचे सासरे लालासाहेब, फौजेतनं नाईक म्हणून रिटायर झालेले. मी त्यास्नी मामा म्हणते, त्यांची पोरं आण्णा. दोन वरसं झाली, त्यांच्या ध्यानात काय ऱ्हाईना. जेवून हात धुतला की ओसरीवर जाऊन बसत्यात आन् रस्त्यानं जाणाऱ्याला सांगत्यात, "आज बी सुनंनं जेवाय दिलं न्हाई."

शेजारच्या भामाबाईनं ही बातमी मलकापूरला माझ्या नणंदेपर्यंत पोचवली. नणंद अंकिता फोनवर म्हणाली, "वैनी, आमच्या आण्णांच्या पोटाला घालाय जड जातंय व्हय?" मी काय ऐकून घेणारी बाई न्हाई. म्हणलं, ये की, चार दिवस ऱ्हा, आन् मग बोल. ती आली न्हाई. तिनं भावाला फोन लावला.

माझा नवरा वीरधवल तिकडं जम्मूत ड्युटीला. ते मला एवढंच म्हणाले, "संयोगिता, आण्णा खोटं बोलणारा माणूस न्हाई गं."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. पंधरा वरसं संसार केला, मामांचं हागणं-मुतणं काढलं, आन् ह्या माणसाच्या लेखी मी त्याच्या बापाला उपाशी ठेवणारी झाले. लय जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवसापासनं मी फोटो काढाय लागले. चहात बेकरीचं बटर बुडवताना मामा. अंघोळ झाल्यावर बनियन उलटं घालून 'हेच सरळ हाय' म्हणून भांडताना मामा. भाकरी दुधात कुस्करताना, मिशीला दूध लागलेलं. फोटोवर टाइम उमटंल अशी सेटिंग करून घेतली आन् दोघा भावंडांना धाडत बसले. खाली लिवायची, 'एक वाजून दहा मिनिटं. दीड भाकरी, वांग्याची भाजी.' नवऱ्याचं 'बरं' यायचं. नणंदेचं ते बी न्हाई.

पुढं मामांचा हात कापाय लागला. घास तोंडाऐवजी गालावर जायचा. मग मी भरवाय लागले. फोन मिठाच्या डब्याला टेकवायचा, टायमर लावायचा आन् पळत येऊन मामांशेजारी बसायचं. आता फोटोत मी बी दिसाय लागले. नणंदेनं तवा पहिल्यांदा उत्तर दिलं, "फोटोपुरतं कुणी बी भरवतंय."

मग माझं डोकं फिरलं. म्हणलं, बास झालं, आता मामांनीच सांगू दे. एकदा त्यांच्या तोंडनं 'मी जेवलो' एवढं निघालं तर नवऱ्याला पटंल, दुसरं मला काय बी नको.

रविवारी दुपारी मामांचं जेवण झालं, तोंड पुसलं आन् लगेच ह्यास्नी फोन लावला. स्पीकर चालू केला. म्हणलं, गप ऐका. आन् त्याच फोनवर आत्ताचा फोटो उघडून मामांच्या म्होरं धरला.

"आवं मामा, काय दिसतंय सांगा."

मामांनी फोन डोळ्याजवळ नेला. हसले. "म्हातारं जेवतंय."

"आन् शेजारी कोण?"

"सून आसंल त्याची. लय गुणाची हाय बघ. घास फुकून देती. नशीब काढलं म्हाताऱ्यानं."

दोन वरसांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. मी फोटोवर बोट ठेवलं. म्हणलं, "मामा, ते तुमीच हाय. आन् ती मी."

मामांनी मान हलवली. त्यांचं डोळं भरलं. "न्हाई. आमची सून न्हाई असली. आमाला सकाळपासनं कुणी पाणी इचारलं न्हाई."

मग ते माझ्याकडं वाकले, आवाज बारीक केला. "बाई, तू कुणाची कोण हायस ठावं न्हाई. पण त्या पोरीला सांगशील का, म्हाताऱ्याचं झालं की उरलीसुरली भाकरी इकडं बी आण म्हणावं. आमी कुणाला सांगणार न्हाई."

फोनमधनं ह्यांचा रडका आवाज आला, "संयोगिता, माझं चुकलं गं." ह्याच एका वाक्यासाठी एवढे दिवस धडपडत व्हते मी. आलं, तर त्याचं काय करायचं तेच कळंना. मी फोन बंद केला.

मामा ताटाची वाट बघत बसले व्हते. मी उठले, परत भाकरी कुस्करली आन् त्यांच्यासमोर जाऊन बसले. पहिला घास घेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "त्या पोरीनंच धाडलं न्हवं तुला?"

मी व्हय म्हणलं.