डाव्या कानातले प्रश्न

मी एक इअरफोन. रंगाने पांढरा, निदान विकत घेतला तेव्हा तरी होतो. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर माझ्यासारख्यांच्या जुडग्यात लोंबकळत होतो. वैभवीने मला ओढून काढलं, दोन्ही टोकं कानात घालून पाहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "बाबाले पाहिजे. आवाज मोठा झाला पाहिजे याचा."

तिचे बाबा कवडू. लकडगंजातल्या आरामशीनवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं लाकूड कापलं. मशीनने बोटं शाबूत ठेवली, पण डावा कान नेला. उजवा बरा आहे, तरी दोघंतिघं एकदम बोलू लागले की त्यातही नुसता गलका होतो. दर वेळी "काय म्हटलं?" विचारायची माणसाला लाज वाटते. काम सुटल्यावर त्यांनी हळूहळू बोलणंच सोडलं. बायको माया दिवसभर एकटीच बोलायची आणि मग तीही गप्प व्हायची. हा अबोला मोडावा म्हणून मला त्या घरात आणलं होतं.

मिहानला नोकरीवर मेट्रोने जाता-येता वैभवी बाबांसाठी पॉडकास्ट शोधायची. एकात दोन पोरं आपल्याच विनोदांवर हसत सुटली होती. एकात श्रीमंत व्हायचे उपाय होते. कवडूंनी दोन्ही ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि मला गादीवर भिरकावलं. शेवटी तिला सरकारी रेडिओच्या जुन्या मुलाखती सापडल्या. कोणी ढोलकीची खोडं कोरणारा, कोणी जंगलखात्यात राबलेली बाई. निवेदिका सावकाश विचारायची आणि उत्तराला मोकळी जागा द्यायची. वैभवी इतकी खूश झाली की आपलं स्टेशन चुकवून पुढे गेली.

रविवारी तिने त्या मुलाखती बाबांच्या फोनवर उतरवून दिल्या. त्यांनी माझं उजवं टोक चांगल्या कानात घातलं. डावं नेहमीसारखं बंडीवर लोंबत राहिलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "काही दम नाही यात. माणूस एकटाच बोलून राहिला. 'हो, तसंच' म्हणते अन् चूप बसते. कोणी विचारलं त्याले?"

वैभवीचा चेहरा उतरला. मला कारण माहीत होतं, पण सांगणार कोण? त्या रेकॉर्डिंगमध्ये निवेदिकेचा आवाज एका बाजूला भरला होता आणि पाहुण्याचा दुसऱ्या. सगळे प्रश्न माझ्या डाव्या टोकातून बंडीच्या खिशाला विचारले जात होते.

दुसऱ्या दिवशी दुसरं काही नव्हतं म्हणून ते परत तेच ऐकत बसले. माया शेजारी तांदूळ निवडत होती. तिने लोंबतं टोक सहज कानाला लावलं आणि तिला हसूच आलं.

"अवो, इथं तं एक बाई नुसती विचारून राहिली. उत्तर कोणीच देत नाही तिले."

कवडूंनी फोन थांबवला. "काय विचारते?"

"म्हणे, लाकूड आतून वाळलं हे कसं ओळखता?"

त्यांनी फोन चालू केला, उत्तर ऐकलं, पुन्हा थांबवला. "तो म्हणते, टिचकी मारून. बराबर आहे. पण शिसम फसवते वं, टिचकीले." मग ते शिसमावर बोलत राहिले, किती वेळ कोण जाणे. तांदूळ निवडायचे राहून गेले.

तेव्हापासून रोज दुपारी हेच चाललं. ती प्रश्न सांगायची, ते उत्तर सांगायचे आणि वर आपलं मत ठोकायचे. भांडणंही व्हायची. मला त्या भांडणांचंही सुख वाटायचं.

वैभवीला हे कळलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. बाबांना आपण अर्धीच मुलाखत दिली होती. तिने फोनच्या सेटिंगमध्ये काहीतरी बदललं. "आता दोघांचा आवाज एकाच कानात येईल, बाबा. आईले त्रास नाही." ती कामावर गेली. माया भांडी घासायला उठली. माझं डावं टोक पुन्हा रिकामं राहणार होतं.

कवडूंनी मला कानात घातलं. निवेदिकेचा प्रश्न त्यांच्या उजव्या कानात खणखणीत गेला, मीच पोचवला. त्यांनी फोन थांबवला आणि हाक मारली, "माया, ती काय विचारून राहिली, सांग वं. मले काही ऐकू येत नाही."

माया हात पुसत आली. डावं टोक तिने कानात घातलं. फोन सुरू झाला. तिला प्रश्न ऐकू आला आणि त्यामागून उत्तरही आलं. तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"म्हणे, जंगलात एकटीले भेव नव्हतं वाटत?"

"थांब," कवडू म्हणाले, "उत्तर मी सांगतो."

आता माझी वायर पिनेपाशी सोलली आहे. वैभवी म्हणते, बिनवायरचे आणू, ते घालून घरभर फिरता येतं. पोरी, तुझं मन मोठं आहे, पण एवढं ऐक. चिकटपट्टी लाव आणि मला राहू दे. माझी वायर आखूड आहे, या दोघांना जवळ बसावं लागतं.