एक्केचाळिसावी घागर

भर दुपारी किनाऱ्यावर हजारभर माणसे घागरी घेऊन उभी होती आणि दोघांची डोकी फुटली होती. भांडण रांगेतल्या जागेचे. एकाचे घागरीने फुटले, दुसऱ्याचे दगडाने. रक्त पुसून दोघेही पुन्हा रांगेत घुसले. जागा गेली असती तर डोके फुकटच फुटले असते.

समोर चौथऱ्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी टाकी. वर नरसाळे, गळ्याशी तोटी, शेजारी गोडबाबा. शिष्य समुद्रातून घागर भरून आणी, सगळ्यांदेखत नरसाळ्यात ओती, बाबा टाकीवर तळहात टेकवत आणि तोटीतून पाणी येई. गोड! मी स्वतः चाखले होते, खोटे कशाला बोलू?

"समुद्र माझा थोरला भाऊ," बाबा सांगत. "रागीट आहे, म्हणून खारट. मी त्याची समजूत काढतो. पण रोज चाळीसच घागरी! एक्केचाळिसावी मागाल तर भावाभावांत वितुष्ट येईल."

भाऊ मोठा शिस्तीचा. त्याची समजूत रोज बरोबर चाळिसाव्या घागरीला संपे. ज्याला पाणी मिळाले त्याने मागे न बघता घरी जायचे, हा दुसरा नियम. त्या दिवशी चाळीस घागरी झाल्यावर बाबांनी तिसरा काढला.

"ते यंत्र माझ्या भावाचं रक्त शोषतंय! ते आज फुटलं नाही, तर उद्यापासून थेंबही गोड होणार नाही!"

यंत्र म्हणजे दोनशे पावलांवरचा, खाऱ्याचे गोडे पाणी करणारा कारखाना. तळी आटल्यापासून सगळ्या वस्तीचे नळ त्याच्यावरच चालत. पण नळाला पाणी दिवसाआड तासभर, म्हणून कारखान्याला शिव्या आणि चाळीस घागरीवाल्याला हार. कारखाना चालवायची माझी थोरली बहीण. मी पाणीखात्यात मीटर वाचून वहीत आकडे भरणारा.

गर्दी कारखान्याकडे फिरली. सर्वांत पुढे वस्तीतला वेल्डर, हातात घण. महिन्यापूर्वी त्याची आई पाण्याच्या रांगेत चेंगरून मेली होती. त्या रागाला कुठेतरी आदळायचे होतेच. बाबांनी जागा दाखवली.

मी गर्दीच्या आधी पोहोचलो. पळण्यात मी कधी मागे नसतो.

"ताई, मागच्या दाराने चल!"

"पंप चालू आहे."

"पंप घाल चुलीत! मारतील तुला!"

"ही पाणी गाळणारी नळकांडी फुटली तर नवी यायला तीन महिने लागतात. तोवर लोकांनी प्यायचं काय? चाळीस घागरी?"

दार तिसऱ्या धक्क्याला पडले. पहिला दगड ताईच्या कपाळावर बसला. वेल्डरने घण उचलला आणि पांढऱ्या नळकांड्यांपैकी पहिलेच फोडले. दाबाखालचे पाणी चाबकासारखे सुटले, त्याने एका माणसाला भिंतीवर आपटले. तरी जयजयकार चालूच. दुसरे नळकांडे गेले. तिसऱ्यासमोर ताई हात पसरून उभी राहिली. घण निघाला होता, तो थांबला नाही. तिचे मनगट काडकन मोडले.

आणि मी? मी मिठाची गुळणी धरून पंपाआड उभा होतो.

ताई किंचाळली, गुडघ्यांवर बसली आणि दात आवळून म्हणाली, "वेल्डरदादा, बाबांची टाकी तुम्हीच जोडलीत ना?"

वेल्डर स्वतःच्या घणाकडे बघत होता. "मीच. सेवा म्हणून."

"नरसाळ्याची नळी आत कुठपर्यंत नेलीत?"

"तळापर्यंत. बाबांनी सांगितलं तशी."

"आणि तोटी गळ्याशी. टाकीला तोटी गळ्याशी कोण लावतं हो?"

वेल्डरने हयातभरात शंभर टाक्या जोडल्या असतील, एकीलाही तोटी गळ्याशी लावली नव्हती.

"खारं पाणी जड, गोडं हलकं," ताई म्हणाली. "टाकी रात्रीच रिकामी करून गोड्या पाण्याने भरलेली असते. तुम्ही ओतलेलं खारं तळाशी जातं आणि तेवढंच गोडं वरून बाहेर ढकलतं. चाळिसाव्या घागरीला गोडं संपतं. माझ्यावर विश्वास नका ठेवू. एक्केचाळिसावी घागर ओता."

तो निघाला, गर्दी त्याच्यामागे, मोडलेले मनगट धरून ताई आणि मागोमाग मी. चौथऱ्यावर शिष्य लाठी घेऊन आडवा आला. वेल्डरने त्याला उचलून आपटले, त्याचे दोन दात वाळूत राहिले. वेल्डरने एक्केचाळिसावी ओतली, तोटीखाली ओंजळ धरली.

"मचूळ."

त्रेचाळिसावीला तो थुंकला. "निव्वळ समुद्र!"

बाबा डगमगले नाहीत. "सांगत नव्हतो? भाऊ रागावला! ह्या बाईमुळे!"

गर्दी पुन्हा ताईकडे वळली. दगड वाकून उचलले जाऊ लागले. तिचा एक हात तर आधीच मोडला होता. माझा आवाज कसा कोण जाणे निघाला.

"माझ्या वहीत रोज सहाशे लिटर कमी येतात! कारखान्यातून निघतात, नळाला पोहोचत नाहीत. आळसाने मी 'गळती' लिहीत आलो. पंधरा लिटरच्या चाळीस घागरी, करा गुणाकार! ताई उद्या ती गळती शोधायला वाहिनी उकरणार होती, तशी नोटीसही लागली होती. ते उकरणं थांबवायला यंत्र आज फुटायला हवं होतं! चौथऱ्यामागे खणा!"

वेल्डर हातांनीच खणू लागला. कोपरभर वाळूखाली काळी नळी निघाली. तिचे एक टोक टाकीखाली, दुसरे कारखान्याच्या वाहिनीकडे.

बाबांनी पळ काढला, दहा पावले. मग त्यांच्यावर घागरी कोसळल्या. जबडा वाकडा झाला, एक डोळा मिटला. "पाजा भावाचं पाणी!" म्हणत त्यांना लाटांत ओढले. चौघांनी मान पाण्याखाली दाबली. बुडबुडे आले, मग येईनासे झाले.

"सोडा त्याला!" ताई गुडघाभर पाण्यात शिरली. "मघाशी मला मारलंत ते न विचारता, आता ह्यालाही न विचारताच. मग शिकलात काय? वेल्डरदादा, काढा!"

वेल्डरने चौघांना बाजूला फेकून बाबांना बाहेर काढले. वाळूवर पालथे घातल्यावर बाबांनी जे ओकले ते मात्र अस्सल खारट होते. पुढे पोलीस त्यांना घेऊन गेले.

दोन नळकांडी गेल्याने तीन महिने नळ चौथ्या दिवशी येई, तोही अर्धा तास. त्या रांगांत आणखी डोकी फुटली. ताईचा पंजा आता पुरता मिटत नाही; वेल्डर रोज सकाळी येऊन तिच्याऐवजी जड चाके फिरवतो. दोघे फारसे बोलत नाहीत.

खारे पाणी गोडे होते, मंडळी. त्याला पंप लागतो, दाब लागतो, वीज लागते, रात्रंदिवस राबणारी माणसे लागतात. तळहात पुरत नाही. म्हणून कुणी चाळिसाला थांबला, तर पाया पडण्याआधी आणखी एक घागर मागा. त्याने दिली नाही तरी घण उचलू नका, दगडही उचलू नका. नुसते विचारा, का नाही?