पूर्ण एक मिनिट

"सिस्टर, हात परत मिळणार आहे ना? संध्याकाळपर्यंत दोन कोट द्यायचेत," शिंपीकाका म्हणाले. बाकावरचे पेशंट हसले.

सिस्टरने मान वळवली नाही. तीन बोटे काकांच्या मनगटावर, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. डॉक्टरांच्या या दोन खोल्यांच्या दवाखान्यात तिची सव्वीस वर्षे गेली होती. त्यातली चोवीस तिने पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणण्यात काढली. रांग दारापर्यंत गेली की दुसरे करणार काय? हल्ली मात्र कोणी कितीही कुरकुर करो, मिनिट भरल्याशिवाय ती हात सोडत नसे.

काकांचे तीन ठोके भराभर पडले, मग एक गायब, मग दोन कसेबसे.

"काका, ईसीजी काढू या."

"मला काय धाड भरलीय? कुठे दुखत नाही, खुपत नाही."

"म्हणूनच कळत नाही. ठोके असे वेडेवाकडे पडले की हृदयात रक्त साकळतं. गुठळी मेंदूत गेली तर कात्री धरायची पंचाईत होईल."

कात्रीचे नाव निघताच काका निमूटपणे आडवे झाले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली, रक्ताच्या तपासण्या आणि रक्त साकळू न देणारी गोळी लिहून दिली. "वेळेवर सापडलं, सिस्टर," ते म्हणाले. ती शाबासकी तिला बोचली.

घरी तिची थोरली बहीण, ताई, खिडकीशी बसली होती. दोन वर्षांपूर्वी ती "जरा धडधडतं गं" म्हणत दवाखान्यात आली होती. सिस्टरने नाडी पाहिली आणि "बहात्तर, ठणठणीत आहेस" म्हणून तिला घरी पाठवले. महिन्याभरात ताईची उजवी बाजू लुळी पडली, बोलणे तुटक झाले. तिचेही ठोके असेच चुकत होते, हे तेव्हा कळले.

ताईला गोळी देऊन सिस्टर समोर बसली. दोन वर्षे न सांगितलेले आज एकदाचे बाहेर पडले.

"ताई, त्या दिवशी मी पंधराच सेकंद मोजले होते. बाहेर रांग होती."

ताईने बराच वेळ शब्द जुळवले.

"मा... हीत. मी... घड्याळ... बघत होते."

मग तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि रोजच्यासारखा धाकटीच्या मांडीवर ठेवला.

"मोज."

सिस्टरने मनगटावर बोटे टेकवली. सेकंदकाटा धूसर दिसत होता, त्यामुळे तिला दोनदा पहिल्यापासून मोजावे लागले.