गाडीत येऊन बस

बरखेड्याच्या क्वार्टरपुढे उभ्या असलेल्या जुन्या फियाटचा गंजलेला पत्रा कापायला नीळकंठरावांचे हात शिवशिवत होते. पण कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढलेला माणूस तो! आधी गाडीत माणूस बसवून, त्याच्या वजनाखाली दारं सरळ लागतात का ते बघायचं, नाहीतर बॉडी वाकडीच वेल्ड व्हायची आणि दार कायमचं घासत राहायचं.

“सुमित्रा, जरा गाडीत येऊन बस गं!” त्यांनी बायकोला हाक मारली.

त्या येईनात. ते वैतागून पुन्हा ओरडणार, तोच सुमित्राबाई आल्या. इस्त्रीची साडी, हातात पर्स, पाण्याची बाटली. येऊन आपल्या जागेवर बसल्या.

नीळकंठराव ओशाळले. “अगं, नुसती दाराची फट बघायचीय. गाडीत बॅटरीसुद्धा नाही.”

“ठाऊक आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे पडलीय. रोज केर काढताना मीच सरकवते.”

“मग ही साडी?”

“किती वर्षांनी गाडीत बस म्हणालात. गाऊनवर येऊ?”

त्यांनी दार लावलं. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. जन्मात कधी खोटं माप न सांगितलेले नीळकंठराव म्हणाले,

“अजून जरा फरक आहे. उद्याही बसावं लागेल.”